लाल ठिपका

"फुंकतेस काय? आत ओढ, आत!" सासूबाई पलंगावरून ओरडल्या.

न्यूमोनियातून उठून घरी निघाले, तेव्हा सिस्टरनं मला फुप्फुसांच्या व्यायामासाठी तीन चेंडूंचं प्लॅस्टिकचं खेळणं दिलं होतं. नळी तोंडात धरून श्वास आत ओढला की चेंडू वर जातात. माझा पहिलाच चेंडू जागचा हलेना. मला एचआयव्ही आहे हे कळल्यापासून सासूबाईंनी माझ्या कपाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला होता. तो कप त्या चिमट्यानं उचलायच्या. सल्ले मात्र लांबूनही देता येतात.

"एवढं सोपं आहे तर तुम्हीच करून दाखवा!" मी वैतागून म्हणाले आणि दूध बघायला आत गेले.

परत येऊन बघते तर सासूबाई नळी तोंडात धरून, डोळे वटारून बसलेल्या. दोन चेंडू वर!

"आत्या, ती नळी माझी आहे! ज्याची त्याची वेगळी हवी म्हणून सांगितलंय सिस्टरनी. तुमचा खोकला मला लागला तर परत ॲडमिट व्हावं लागेल."

"म्हणजे माझा विटाळ होतो तुला? एका घरात राहून असलं वेगळंवेगळं करतेस? शोभतं का?"

मी नेलपॉलिशची बाटली आणली आणि नळीवर लाल ठिपका लावला.

सासूबाई बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहिल्या.

"चहा टाक," त्या पुटपुटल्या. "मला कुठल्याही कपात चालेल. आणि सिस्टरकडून माझ्यासाठी वेगळी नळी आण. तिसरा चेंडू राहिलाय माझा."