सकाळचा आकडा

बाबांच्या स्वादुपिंडातली गाठ स्कॅनमध्ये दाखवत डॉक्टर म्हणाले, “शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलीय. अशा गाठीनं कधीकधी आधी साखर चढते. घरी मोजत नव्हते?” “रोज मोजायचे,” मुलगी म्हणाली. ती परदेशात प्रयोगशाळेत नोकरीला होती, बाबा दररोज साखरेच्या मीटरचा फोटो पाठवून खाली लिहायचे, “बाईसाहेब, आजही पास.” खोलीत परतून तिनं निजलेल्या बाबांचा हात हातात घेतला. बोटांच्या टोकांवर टोचल्याची एकही खूण नव्हती. तिनं आईकडे पाहिलं, तशी आईनं मूठ मिटली. “उघड.” आईची बोटं टोचून टोचून खडबडीत झाली होती. “यांचंही एकदा मोजलं होतं गं,” आई म्हणाली. “तो आकडा बघूनच यांनी मला बोट पुढे करायला लावलं.” “केव्हा?” “तुझं तिकडे जायचं ठरलं तेव्हा. कळलं असतं तर थांबली असतीस.” “थांबलेच असते,” म्हणत तिनं बाबांचा हात सोडला.