झुचाचा खोकला

जनावरांची डॉक्टर टेगन हिनं झुचा बोक्याच्या छातीजवळ नाक नेलं आणि झटकन मागे घेतलं. "याला दारू पाजलीत तुम्ही?"

"पाजली नाही. चोळली," मिलेंको म्हणाला.

घरची दारू, आलुबुखाराची. छातीला चोळायची आणि वर लोकरीचं फडकं बांधायचं. त्याच्या आईनं सर्बियात अख्खं गाव असंच बरं केलं होतं म्हणे. त्याची बायको राडोय्का कॉफी ओतता ओतता म्हणाली, की चोळणाऱ्यानं निम्मी स्वतःच्याच घशात ओतली, आणि बोका काही खोकायचा थांबला नाही.

तेवढ्यात झुचाला टेबलावरच उबळ आली. पोट टेबलाला टेकलेलं, मान लांब ताणलेली, कोरडा खरखरीत आवाज, आणि शेवटी तोंडातून काहीच नाही. हिवाळा लागल्यापासून मिलेंको याला केसांचा गोळा म्हणत होता. गोळा काही बाहेर पडला नाही, बोका मात्र वाळत चालला. राडोय्का त्याच्या श्वासाकडे कान लावून जागी राहायची. मूलबाळ नव्हतं त्यांना, जो होता तो हाच.

टेगननं झुचाच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि दिव्याखाली धरलं. बोटाला गुलाबी पीठ लागलं होतं.

"घरात खोदकाम कोण करतंय?"

आता ऑस्ट्रेलियातल्या आमच्या कूबर पीडीत हा प्रश्न कुणी विचारतं का! इथं उन्हाला भिऊन निम्मं गाव जमिनीखाली राहतं. गावाच्या हद्दीत ओपलच्या खड्यांसाठी खाण खणायला बंदी आहे, पण राहत्या घराला खोली वाढवायला नाही. त्यामुळे आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना खोल्यांची फार गरज पडते. मिलेंकोच्या घरात माणसं दोन, आणि खोल्या इतक्या की वऱ्हाड उतरवावं.

"खोली वाढवतोय जरा," मिलेंको म्हणाला. "सामान फार झालंय."

टेगननं ते ऐकून घेतलं आणि समजावून सांगितलं. हा दमा आहे, माणसाला होतो तसाच. तोंडावर हा मुखवटा धरायचा आणि रोज सकाळ-संध्याकाळ औषधाचा फवारा द्यायचा. पण धूळ उडत राहिली तर औषधाचा उपयोग शून्य. खोदणं आजपासून बंद. उघड्या भिंतीला गोंदाचं पाणी मारायचं आणि त्यानंतर तिला कुदळ लावायची नाही. ते जमत नसेल तर बोक्याला जमिनीवरच्या घरी पाठवा. टेगन पोर्ट ऑगस्टाहून महिन्यातून एकदाच येते. असंच चालू राहिलं तर पुढच्या खेपेला हा दिसणार नाही, हेही तिनं स्पष्ट सांगितलं.

"दोन आठवडे द्या," मिलेंको म्हणाला.

"कशासाठी?"

त्यानं कॉफीचा कप पुढं ओढला. सांगणार तरी काय? मागच्या खोलीच्या भिंतीत गेल्या रविवारी ओपलच्या रंगाची रेघ लागली होती. हिरवी, मधेच तांबडी, बारीकच, पण खरी. हिच्यासाठी त्यानं उभं आयुष्य इथल्या दगडात घातलं होतं. रंग लागला की इथला माणूस सख्ख्या भावालाही कळू देत नाही. त्यानं फक्त राडोय्काला सांगितलं, तेही कानात, आणि रेघेवर पोतं टांगून ठेवलं. टेगनला वाटलं, म्हातारा हट्टी आहे.

राडोय्काला सगळं ठाऊक होतं. तिला नवऱ्याची कीव येत होती आणि संतापही येत होता. खोद म्हणाली नाही, खोदू नको म्हणाली नाही. टोपली आणली, तीत झुचाचं पांघरूण घातलं. अॅडलेडला आपली बहीण असते, तिच्या घराला अंगण आहे, तेव्हा याला पोर्ट ऑगस्टापर्यंत न्याल का, असं तिनं टेगनला विचारलं. विचारता विचारता तिनं पांघरूण टोपलीत रागानं दाबून बसवलं.

मिलेंको उठला आणि मागच्या खोलीत निघून गेला.

"गेला खोदायला," राडोय्का म्हणाली. "बघितलंत ना? असा आहे हा माणूस."

औषधाचा पहिला फवारा तरी आपल्या डोळ्यांदेखत द्यावा म्हणून टेगन थांबली. राडोय्कानं झुचाला मांडीत दाबून धरलं, टेगननं मुखवटा लावला. त्यानं नखं काढली, फिसकारला, मग दमून निमूट श्वास घेऊ लागला. राडोय्काचा एक कान मागच्या खोलीकडे होता. कुदळीचा आवाज येईना. येत होता तो काहीतरी ओलं थापल्यासारखा. ती बोक्याला खांद्यावर टाकून तशीच उठली, आणि टेगनही तिच्यामागोमाग दारापर्यंत आली.

पोतं खाली पडलं होतं. मिलेंकोनं बादलीत गोंद कालवला होता आणि रुंद ब्रशनं तो भिंत सारवत होता. सारी भिंत दुधासारखी पांढरी झाली होती, फक्त रेघेची जागा तेवढी राहिली होती. तिथं तो क्षणभर थांबला. मग त्यानं ब्रश बुडवला आणि एका फटक्यात रेघ पुसून टाकली.

"अरे, गेली की रे ती," राडोय्का कुजबुजली.

"जाते कुठं? गोंद वाळला की आरपार दिसतो." मिलेंकोनं मागे वळून टेगनकडे पाहिलं, आणि आमच्या गावात कुणी बोलत नाही ते खणखणीत आवाजात बोलला.

"पुढच्या महिन्यात बोक्याला बघायला याल ना, डॉक्टर, तेव्हा ही भिंतही बघून जा. रंग लागलाय आम्हाला."