दारावरचा नियम

टाळेबंदीत ऑस्करभाऊंनी वसईतल्या आपल्या गावच्या चर्चचे दार सांभाळले, तेव्हा मास्क नसलेल्या कोणाचाही मुलाहिजा ठेवला नव्हता. आज त्याच दारातून त्यांची मुलगी कॅरल, केमोथेरपी चालू असल्यामुळे मास्क लावून, रविवारच्या मिस्साला आली.

"काय गो कॅरल, कोरोना जाऊन जमाना झाला! तोंड तरी दाखव," मागून ज्युड म्हणाला आणि अख्खा बाक हसला. कॅरलचा हात मास्क काढायला वर गेला.

शेजारच्या डेल्फिनबाईंनी तो हात धरला. पर्समधून घडीवर पिवळा पडलेला एक मास्क काढून त्यांनी स्वतःच्या तोंडाला लावला.

"अजून जपून ठेवलाय?" ऑस्करभाऊंनी ओशाळून विचारले.

 

"तुम्ही दारातून परत पाठवलंत, म्हणून धावत घरी जाऊन हाच आणला होता, भाऊ. मी पोहोचेपर्यंत ह्यांना माती देऊन झाली होती."