मुखपृष्ठावरची बाई

गुणाबाईंनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि वसुंधराच्या समोर ठेवलं.

"ही कोन गो बाय?"

वसुंधरा पार्सलं बांधत होती. पनवेलच्या एसटी स्टँडमागे दोन खोल्यांत तिची प्रकाशनसंस्था. टेबलावर कर्नाळ्याच्या पाखरांचं पुस्तक, कळंबोलीच्या ट्रक ड्रायव्हरांच्या आठवणी, मुलांसाठी कोडी, सगळी एकावर एक. त्यांत हे सर्वांत नवं, लग्नातल्या धवल्यांचं. हळदीपासून पाठवणीपर्यंत धवलारीण जी गाणी गाते, ती गुणाबाईंनी याच खोलीत बसून गायली होती आणि वसुंधराने लिहून घेतली होती.

मुखपृष्ठावर नथ घातलेली एक गोरीपान तरुणी हसत होती. इंटरनेटवरून घेतलेली.

"खाली नाव तुमचंच आहे, मोठ्या अक्षरांत," वसुंधरा म्हणाली.

"नाव मना कुठं वाचता येतं? मी गावान सांगतलं, ही मीच हाय, लगनाच्या येलंची. सगल्यांनी मानलं." गुणाबाई हसल्या. मग हसू विरलं. "नातीनं नाय मानलं. सा वर्सांची हाय. बोलली, आजे, मंग तुजं गोंदन कुठं गेलं?"

त्यांच्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके होते. सुरकुत्यांत जरा पसरलेले, पण होते.

"तुमचा फोटो अंधुक आला होता," वसुंधरा पटकन म्हणाली.

फोटो टेबलाच्या खणात होता. लख्ख. हा चेहरा पाहून पुस्तक कोण उचलणार, असं वाटून तिनेच तो आत ठेवला होता.

"व्हय. म्हातारीचा तसाच येनार," गुणाबाई म्हणाल्या.

त्यांनी कोड्यांच्या पुस्तकाशेजारचा हिरवा स्केचपेन उचलला. तरुणीच्या हनुवटीवर एक ठिपका दिला. दुसरा. तिसरा. शाई वाळावी म्हणून फुंकर घातली.

मग त्यांची नजर पार्सलांकडे गेली. त्यांनी जवळचा गठ्ठा सोडला, वरचं पुस्तक वसुंधरापुढे सरकवलं आणि पेन तिच्या हातात दिला.

"ही सगली गोंदायला लागतील. बस."

वसुंधराने पेन टेकवला. पेन घसरला, ठिपका लांबला.

"भिऊ नको गो," गुणाबाई म्हणाल्या. "जरासंच दुखतं."