झालगासच्या वाट्याचं पाणी

झालगास खांद्यावर फावडं टाकून बांधावरून येताना दिसला, तसा पेर्देबाय ताठ उभा राहिला. पाटाच्या वरच्या अंगाला झालगासचं वावर, अगदी शेवटाला पेर्देबायचं. अमू नदी वर्षागणिक आटत चाललेली; ती ज्याला मिळायची तो समुद्र तर कधीच आटून मागं हटलेला. जे काही पाणी यायचं ते झालगास वरच अडवायचा आणि खाली पेर्देबायला उरायचा चिखल. यावरून दोघांनी एकदा एकमेकांची गचांडी धरली होती. तेव्हापासून गावच्या लग्नातसुद्धा ते जेवायला एका दस्तरखानाला, एका पसरलेल्या कापडाशी बसले नव्हते.

"भांडायला आलास?" पेर्देबायनं विचारलं.

"निरोप घ्यायला आलोय." झालगास फावड्यावर रेलला. "पोरगा कझाकस्तानात नेतोय. माझं वावर तर तू बघतोसच, मीठ फुटून पांढरं पडलंय. यंदा माझी पाण्याची पाळी तू घे. पाटाचं वरचं दार मी उघडं ठेवून जातो."

पेर्देबायनं एकदा पाटाकडं, एकदा त्याच्याकडं बघितलं.

"तुझं पाणी चोरलं मी, भावा," झालगास खाली मान घालून म्हणाला. "एवढं तरी फेडू दे."

पेर्देबायनं पुढं होऊन त्याला मिठीच मारली. घरात नेलं, पहिला चहा स्वतःच्या हातानं ओतून दिला. झालगास गेल्यावर पालझादा नवऱ्याला म्हणाली, "एवढ्या साठवलेल्या शिव्या आता कुणाला घालणार हो?" त्या दिवशी पेर्देबाय पुष्कळ वर्षांनी मोकळा हसला.

मग पाणी आलं. उन्हाळ्याआधी वावर असं भरपूर पाण्यानं धुवायचं, म्हणजे मातीतलं मीठ खाली उतरतं आणि निचऱ्याच्या चरातून निघून जातं. पेर्देबायच्या बापाच्या वेळेला असंच चालायचं. गुडघाभर बूट घालून तो दारं धरत राहिला. पाणी कोपऱ्याकोपऱ्यात शिरताना बघून त्याचे डोळे भरून येत होते.

"अहो, पाणी उतरत नाहीये," पालझादा म्हणाली.

"उतरेल. जन्माची तहानलेली जमीन आहे."

ते उतरलं नाही. आटलेल्या समुद्राच्या तळाची रेती वाऱ्यानं उडून चरात बसली होती आणि तिच्यावर बोरू माजला होता. चर उपसायचं यंत्र या बाजूला कैक वर्षांत फिरकलं नव्हतं. पाणी वावरातच तुंबलं आणि जमिनीखालचं खारं पाणी वर चढत आलं. त्यात ऊन नेहमीपेक्षा लवकर तापलं. पेरलेली ज्वारी बोटभर वर आली, तोच समुद्राकडून वादळ सुटलं आणि दोन दिवस नुसती खारी धूळ पडत राहिली. रोपांचे शेंडे करपले. वरून मीठ पडत होतं आणि खालून मीठ चढत होतं. ऊन चढू लागलं तशी माती पायाखाली पापडासारखी कुरकुरायला लागली.

पेर्देबाय उकिडवा बसला आणि बोटांनी जमीन उकरू लागला. अर्धपोटी असताना ही जमीन दरसाल थोडी ज्वारी, चार खरबुजं देत होती. वरून पाणीच कमी, म्हणून खालचं खारं पाणीही खोलच राहिलं होतं. वरती झालगास भरभरून पाणी पाजत होता, त्याची जमीन आधी मीठ फुटून चोपण झाली. इतकी वर्षं ज्याला शिव्या घातल्या, त्याच्या चोरीनंच आपलं वावर जगलं होतं. आणि आता त्याच्याच दानानं ते गेलं.

फोन वाजला. झालगास होता.

"काय रे, पोचलं का पाणी?"

"पोचलं."

"आणि पीक?"

पेर्देबायनं पांढऱ्या वावरावर नजर फिरवली. "गुडघ्याला लागलंय. पार शेवटच्या कोपऱ्यापर्यंत."

पलीकडे झालगासनं मोठा श्वास सोडला. "बरं झालं बाबा. मनाला लागून राहिलं होतं." मग त्याचा आवाज एकदम तरुण झाला. "ऐक, तुझं धुऊन निघालं म्हणजे माझंही निघेल. मी परत येतो. इथं दिवसभर इमारतीच्या दारात बसून असतो रे, कुणी बोलायला नाही. पुढच्या वसंतात दोघं मिळून दारं धरू."

पेर्देबायनं पायाखालची मिठाची पापडी टाचेनं फोडली.

"येऊ नकोस," तो म्हणाला.

"का?"

"नको म्हटलं ना."

"म्हणजे तुझ्या मनातनं अजून गेलं नाही तर," असं म्हणून झालगासनं फोन ठेवला.

पालझादा जवळच उभी होती. "अहो, तो भलतंच समजला. परत लावा फोन. खरं सांगून टाका."

"राहू दे," पेर्देबाय म्हणाला. "त्याच्या पाण्यानंच वावर गेलं हे कळण्यापेक्षा त्याला माझा राग बरा."