जर्मनच्या वर्गातली पाचवी

"उत्तराला वीस सेकंद," बाई म्हणाल्या आणि त्यांनी रेकॉर्डरचं बटण दाबलं.

रेकॉर्डरमधून एका जर्मन शेजारणीचा आवाज आला. रविवारी दुपारी, शांतता पाळायच्या वेळी भिंतीत खिळे का ठोकता, असं ती चिडून विचारत होती. आमच्याकडे चालतं, एवढंच चिमणीला सांगायचं होतं. पण ती वाक्याच्या मध्यावर असतानाच टूं वाजलं. वेळ संपली.

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

चिमणी म्हणजे सुताराची मुलगी. आवाज बारीक, म्हणून वर्गानं हे नाव ठेवलेलं. तिच्या घरी रविवारी दुपारी खिळे ठोकण्याशिवाय दुसरं काही घडतच नसे. त्यामुळे त्या शेजारणीपुढे ती पहिल्यापासूनच गुन्हेगार होती.

शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठीचा हा वरच्या पातळीचा जर्मन वर्ग. मुलं मोजून पाच. एक जरी कमी झालं तर वर्ग बंद, असा शाळेचा नियम. विषय बदलायचा झाला तर उद्या, शुक्रवारी तीनपर्यंतच. मग थेट परीक्षेपर्यंत सुटका नाही.

आणि चिमणीला विषय बदलायचाच होता. वडील कपाटं बनवायचे, त्यांची मापं आणि आराखडे ती काढायची. फर्निचर डिझाइनच्या कॉलेजात जायचं तर ड्रॉइंग हवं, आणि ड्रॉइंगचा तास नेमका जर्मनच्याच वेळेला! यंदा नाही घेतलं तर कॉलेजचं दार बंद.

मग घोडं कुठे अडलं होतं? तर लंबूपाशी. लंबू पाचांतला सगळ्यात उंच आणि सगळ्यात हळवा. वर्षाच्या सुरुवातीला त्यानं सगळ्यांना जिन्याखाली गाठलं होतं.

"वर्ग बंद पडला तर बाई कुठे जातील रे? या वयात त्यांना कोण ठेवून घेणार?"

झालं! पाचही जणांनी एकमेकांना शब्द दिला, शेवटपर्यंत कुणी सोडायचं नाही. जर्मनची खरी गोडी पाचांतल्या एकालाही नव्हती. पण बाईंसाठी पाचही जण कळ काढत बसले होते.

बाईंचा धडाकाही काही कमी नव्हता. सुरुवातीला आठवड्याला एक पत्र लिहायला असायचं. मग रोज एक झालं, तेही पंधरा मिनिटांत, अगदी अदबशीर. मग चाळीस ओळींचे उतारे पाठ. मग आपल्याकडची आणि जर्मनीतली शेजारधर्माची तुलना, न अडखळता दोन मिनिटं. अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून.

"बिचाऱ्या," लंबू म्हणायचा. "आपला निकाल चांगला लागावा म्हणून किती धडपडतात!"

त्या गुरुवारी तास संपल्यावर बाईंनी चिमणीला थांबवून घेतलं.

"तुझं लक्ष नाही हल्ली. दुसरा विषय घ्यायचाय का?"

चिमणीनं घाईघाईनं वही मिटली. "नाही हो बाई."

"मनात ठेवू नकोस. मला अजिबात राग यायचा नाही." बाईंनी टेबलाचा खण उघडून विषय बदलायचा फॉर्म पुढे केला. खाली त्यांची सही आधीच केलेली होती.

चिमणीला भरून आलं. स्वतःची नोकरी जाईल हे ठाऊक असून बाईंनी सही करून ठेवली होती! तिनं फॉर्म वहीत घातला आणि जवळजवळ पळतच बाहेर पडली.

घरी वडील फळीला रंधा मारत होते. तिनं सगळं सांगितलं.

"मग सोड की," ते म्हणाले.

"असं कसं सोडू बाबा? बाईंची नोकरी जाईल."

"आणि तुझं कॉलेज गेलेलं चालेल?"

ती खाली पडलेल्या ढलप्या गोळा करू लागली. वडिलांनी रंधा बाजूला ठेवला.

"हे बघ पोरी, मी काही सांगणार नाही. पण आयुष्य तुझं आहे, एवढं लक्षात ठेव."

शुक्रवारी पावणेतीनला ती ऑफिसच्या खिडकीसमोर उभी होती. फॉर्म भरलेला होता. आत कारकूनबाई घड्याळाकडे आणि तिच्याकडे आळीपाळीनं बघत होत्या.

"द्यायचाय का? दे लवकर, मला कुलूप लावायचंय."

हात पुढे गेला आणि मागे आला. बाईंचे पिकलेले केस आणि कोपरावर विरलेला स्वेटर तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. तीन वाजले. खिडकीची फळी खाली आली. चिमणीनं फॉर्मचे चार तुकडे केले आणि तिथेच भिंतीला टेकून पोटभर रडली.

मग तिनं डोळे पुसले. निदान बाईंच्या जिवाचा घोर तरी मिटवावा, म्हणून ती वर्गात गेली. बाई खुर्चीत बसल्या होत्या.

"बाई, मी राहतेय. आम्ही पाचही जण राहतोय."

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. त्यांचे डोळे भरून आले. "छान," एवढंच म्हणून त्यांनी तोंड फळ्याकडे फिरवलं.

चिमणीच्या छातीवरचा दगड थोडा हलका झाला. केलं ते वाया गेलं नाही, असं मनाशी म्हणत ती बाहेर आली आणि बुटाची नाडी बांधायला दाराशी वाकली. आत बाईंनी फोन लावला होता.

"ताई, यंदाही नाही गं जमत तुझ्याकडे यायला. हो, कळतंय मला, आजारपणात तू एकटी आहेस... पण मुख्याध्यापकांना शब्द देऊन बसलेय ना, पाच मुलं आहेत तोवर वर्ग सोडणार नाही म्हणून. एक तरी पोर कंटाळून जावं म्हणून रोज पत्रं लिहायला लावली, चाळीस चाळीस ओळी पाठ करायला दिल्या, फॉर्मवर सहीसुद्धा करून ठेवली. पण एक हलेल तर शपथ!"