दाराखालचा टॉवेल

"एवढ्यात दार उघडू नका," ती बाहेरून म्हणाली. "ताट ठेवलंय. मी स्वयंपाकघरात गेले की घ्या."

तिची पावलं लांब जाईपर्यंत मास्तर थांबले. मग दाराखाली खुपसलेला टॉवेल त्यांनी बाजूला केला आणि ताट आत ओढलं. ताट चटका बसेल इतकं गरम होतं. वाढण्याआधी ती ते उकळत्या पाण्यातून काढायची. टॉवेलही तिनेच खुपसायला लावला होता.

चौथा दिवस होता. मास्तर कपडे शिवायचे, ती, त्यांची बायको, काज-बटणं करायची. दोघांचेही लसीचे दोन्ही डोस झाले होते. तरी एका गिऱ्हाइकाला कोरोना झाल्याचं कळलं, तेव्हा तिने घरच्या घरी दोघांची तपासणी केली. मास्तर कापड बेतत होते. ती दारातूनच म्हणाली, "तुमच्या पट्टीवर दोन रेघा आल्यात. माझ्या पट्टीवर एकच आहे. कात्री ठेवा आणि आतल्या खोलीत जा."

चाळीस वर्षं कापडाचे तंतू छातीत जाऊन मास्तरांची फुप्फुसं अधू झाली होती. ते कात्री ठेवून आत गेले.

"मला ना ताप, ना खोकला," आता ते दाराआडून म्हणाले.

"लस घेतलीय म्हणून. खिडकी उघडी आहे ना?"

"आहे. तुझा आवाज कोंडल्यासारखा का येतोय? मी आत असताना मास्क कशाला?"

"तुमचा काय भरवसा! कधी बाहेर याल नेम नाही." ती हसली. हसता हसता खोकली.

"खोकतेस?"

"तुमच्या चिंध्यांची धूळ. कपाट झाडलं आज."

मास्तरांनी कडीवर हात ठेवला आणि परत घेतला. बाहेर गेलो तर तिला देऊन बसू.

सहाव्या दिवशी ताट आलं नाही. त्यांनी हाका मारल्या. फोन लावला, तो स्वयंपाकघरात वाजत राहिला. दवाखान्यात कळवून, दोन मास्क बांधून ते बाहेर आले. ती ओट्याला टेकून खाली बसली होती. श्वास पुरत नव्हता. त्यांना बघताच तिने हाताने लांब राहायची खूण केली.

मास्तर समोरच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले. गाडी यायला चाळीस मिनिटं लागली. त्यांनी तिचा हात धरला नाही.

तीन दिवसांनी ती गेली.

आरोग्यसेविका घरी नोंद करायला आली. तिने मास्तरांच्या नाकात काडी फिरवून पाहिली. "तुम्हाला आता काही नाही. आधी लागण कुणाला झाली?"

"मला," मास्तर म्हणाले. "माझ्यामुळे तिला झाली."

"तारीख हवी होती. ती पट्टी आहे का?"

असणारच. शिवायला आलेला प्रत्येक कपडा ती नावाची चिठ्ठी टाचून ठेवायची. हाताला इतकं वळण पडलं होतं की घरातलं काहीच ती चिठ्ठीशिवाय ठेवत नसे. मास्तरांनी बटणांचा डबा उघडला. तळाशी कापडाच्या दोन पुरचुंड्या होत्या, दोन्हींना टाचणी. त्यांनी चष्मा पुसला आणि 'मास्तर' लिहिलेली पुरचुंडी सोडली.

आतल्या पट्टीवर एकच रेघ होती.